पाणी सोडलं का?

लोणावळ्याच्या फलाटावर भालचंद्र टिपणीस उतरले, तेव्हा त्यांच्या एका हातात हत्यारांची कातडी पिशवी होती आणि दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा लहानसा खोका. खोक्यात मुठीएवढी पितळी झडप होती. विलायती माल विकणाऱ्या मुंबईच्या ज्या पेढीत ते नोकरीला होते, तिने रावसाहेब फणसळकरांना कपडे धुण्याचे एक अमेरिकन यंत्र विकले होते. आणि ते यंत्र, रावसाहेबांच्या तारेतील शब्दांत, 'पाणी घेत नव्हते'. साल एकोणीसशे एकोणचाळीस. पौषातली कोरडी थंडी होती. टांग्यात बसताना टिपणिसांच्या मनात एवढेच होते की झडप बदलावी आणि जमल्यास संध्याकाळची गाडी धरावी.

बंगला तुंगार्लीच्या अंगाला, एका उंचवट्यावर होता. मागच्या ओसरीतून वीज कंपनीचा तलाव दिसे. तो दिसेल अशीच जागा रावसाहेबांनी मुद्दाम निवडली होती. शिकारी माणूस दिवाणखान्यात वाघाचे मुंडके टांगतो, त्यातलाच प्रकार. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्या तलावाखाली आंबेमाची नावाचे गाव गेले, आणि ज्या अधिकाऱ्याने ते कागदोपत्री रिकामे करून दिले, तो अधिकारी म्हणजेच हे रावसाहेब. त्या पाण्यावर तयार होणारी वीज मुंबईच्या गिरण्या चालवी, आणि काठावर उरलेल्या वस्त्यांत रॉकेलची चिमणी जळे. प्रगतीचा उजेड दुरून अधिक चांगला दिसतो, हे त्या काळी शाळेतही शिकवीत.

"यंत्र नवं, झडप नवी, आणि तरी पाणी घेत नाही म्हणजे काय?" रावसाहेबांनी स्वागतादाखल विचारले. "तुमच्या पेढीनं मला भंगार विकलं की काय, टिपणीस?"

"झडपेत कचरा बसला असेल, रावसाहेब. मी दुसरी आणली आहे."

"बसवा. आणि आणखी एक काम करा. ती सावित्री यंत्रावर असते, तिला वळण लावा. टाकी एकच आहे. तिकडे पाणी सुटलं की माझ्या न्हाणीतलं बारीक होतं. मी ओसरीवरून विचारीन, पाणी सोडलं का? तिनं मोठ्यानं सांगायचं, सोडलं. पहिल्या दिवसापासून सांगतोय. तुम्ही इंजिनियर, तुमचं ऐकेल."

मागणी अगदी रास्त होती. टिपणिसांनी मान डोलावली.

झडपेची रचना सांगायला फार शब्द लागत नाहीत. तांब्याच्या तारेचे वेटोळे, आणि त्याच्या पोकळीत एक लोखंडी दट्ट्या. वेटोळ्यातून वीज गेली की ते चुंबक होते आणि दट्ट्या वर उचलला जातो. वीज थांबली की स्प्रिंग त्याला खाली लोटते. खुबी पुढेच आहे. दट्ट्याखालचे छिद्र सुईच्या नेढ्याएवढे असते. पाण्याची खरी वाट अडवते ती रबराची पातळ चकती, आणि तिला जागेवर दाबून धरण्याचे काम पाणीच करते. चकतीच्या वर थोडे पाणी कोंडून ठेवायचे, की त्याच्या दाबाने खालच्या साऱ्या पाण्याची वाट बंद; दट्ट्या उचलला की ते कोंडलेले पाणी छिद्रातून निसटते आणि वाट उघडते. पाण्याला पाण्यानेच अडवायचे. मालकाने फक्त ते छिद्र ताब्यात ठेवायचे. हिंदुस्थानचे राज्य ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना ही रचना समजायला विजेचे ज्ञान लागत नाही.

धुण्याची खोली स्वयंपाकघराच्या मागे होती. शहाबादी फरशी, एक खिडकी, भिंतीशी पांढरे यंत्र. सावित्राबाई दाराशी पदर खोचून उभी होती. चाळिशीची, सडसडीत बांध्याची कोळीण. डोंगरातल्या माणसांची ती मोजून-मापून बघणारी नजर.

"हे बटण दाबलं की आतला दट्ट्या उचलला जातो आणि पाणी सुटतं, बाई," टिपणीस नवी झडप आवळता आवळता म्हणाले.

"सुटतं व्हय? मंग त्याचं त्यालाच सुटू द्या. आत कोन बसलंय दट्ट्या उचलाया?"

"कोणी नाही. वीज उचलते."

"तीबी आमच्याच पान्याची," सावित्राबाई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू असावे असे टिपणिसांना क्षणभर वाटले.

त्यांनी बटण दाबले. वेटोळे गुणगुणले, 'टक' असा आवाज झाला आणि पाण्याची धार यंत्राच्या पोटात पडू लागली. "झालं! आता रावसाहेबांनी विचारलं की तुम्ही म्हणायचं, सोडलं."

"आलं म्हनते."

"सोडलं म्हणायला हरकत काय?"

"चालू जालं म्हनते. वाहाया लागलं म्हनते. तुमी म्हनाल ते म्हनते. त्यो शबूद न्हाई."

तिने मग जे सांगितले ते धुण्याचे कपडे पिळता पिळता, कोणाच्या तरी दुसऱ्याच्या घरची हकिकत सांगावी तसे सांगितले. तिचा बाप सावळा हा आंबेमाचीचा पाटकरी. ओढ्याचे पाणी पाटाने आणून कोणाच्या खाचरात किती जाऊ द्यायचे, हे बघण्याचे काम त्याचे. फावड्याने बांध फोडायचा की पाणी सुटले. चिखलाचा गोळा उचलून बांधाच्या मोरीत थापला की पाणी बंद. भाद्रपदात एके दिवशी घोड्यावरून साहेब आले, म्हणजे हेच रावसाहेब. बांधावरच्या सावळाला त्यांनी विचारले, "काय रे, पाणी सोडलं का तुम्ही जमिनींवर?" सावळा म्हणाला, "व्हय सायेब, सोडलं की सकाळच्यालाच. समद्यांच्या जिमिनीवर सोडलं." साहेबांबरोबरच्या कारकुनाने ते असे लिहून घेतले: गावच्या मानकऱ्याने सर्वांच्या वतीने जमिनींवर राजीखुशीने पाणी सोडले. सावळाचा अंगठा धरून शाईत बुडवला तेव्हा तो विचारत होता, की पाटाच्या पाण्याला अंगठा कशाला?

"दान देताना हातावरनं पानी सोडत्यात का न्हाई? तसं ल्हिवलं," सावित्राबाई म्हणाली. "पानी सोडलं म्हंजी संपलं. बाला ते कळलं तवा गावात पानी शिरलं हुतं. समदी वर निगून आली. त्यो फावडं घिऊन बांदावरच हुबा. मोरी बुजिवतो म्हनत हुता."

एका क्रियापदाने गाव बुडाल्याचे उदाहरण व्याकरणाच्या पुस्तकांत सापडत नाही. पण व्याकरण तिथे चोख होते. कर्ता कोण आणि कर्म कोणते, याचा निकाल घोड्यावर बसलेल्याने लावला होता, इतकेच.

टिपणिसांना वाईट वाटले. सुशिक्षित माणसाला वाटते तसे, म्हणजे थोडा वेळ. त्यांनी बटण बंद केले. तेव्हा त्यांना पहिल्यांदा तो आवाज खटकला. झडप मिटताना पितळेवर लोखंड बसल्याचा कोरडा 'टक' यायला हवा होता. आला तो 'थप' असा. ओला, जड, तळहाताने काहीतरी थापल्यासारखा.

त्यांनी पुन्हा चालू-बंद करून पाहिले. उघडताना टक. मिटताना थप.

सावित्राबाई पिळा हातात तसाच धरून ऐकत होती.

संध्याकाळची गाडी टिपणिसांनी सोडून दिली. सदोष झडप बसवून जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

सकाळी यंत्र पुन्हा पाणी घेईना. वेटोळे गुणगुणत होते, दट्ट्या उचलला जात होता, नळात दाब होता. टिपणिसांनी झडप खोलली. चकतीच्या वरच्या बाजूला, जिथे फक्त पाणी असायला हवे, तिथे चिखलाचा गोळा बसलेला होता. काळा, चिकण, खाचरातला. झडपेच्या तोंडाशी तारेची जाळी असते, तिच्यातून मोहरीचा दाणाही जात नाही. जाळी शाबूत होती. टिपणिसांनी ती उजेडात धरून पाहिली, आणि मग तोच गोळा उजेडात धरला. त्याच्यावर दाबल्याची खूण होती. अंगठ्याची. अंगठ्याच्या रेषा स्वच्छ उठल्या होत्या, आणि त्यांना आडवा छेदून गेलेला जुन्या जखमेचा वण.

"बाला विळा लागला हुता," मागून सावित्राबाईचा आवाज आला. "मी ल्हान हुते."

तिने हात पुढे केला. टिपणिसांनी, का ते त्यांना पुढे कधी सांगता आले नाही, तो गोळा तिच्या हातावर ठेवला. तिने तो पदराच्या टोकात बांधला आणि ती केर काढायला लागली.

टिपणीस आपल्याशी तर्क करीत चहाला गेले. टाकी तलावाच्या पाण्याची. तळाला गाळ असणार. गाळात ठसे उमटतात. प्रत्येक वाक्य खरे होते. त्यांतल्या कुठल्याच वाक्यातून ती जाळी ओलांडता येत नव्हती.

रावसाहेब खुशीत होते. "दुपारी मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून येताहेत. धरणाची भिंत वाढवायची ठरली आहे, आणि जमिनींचं काम कंपनीनं माझ्याकडे दिलंय. वर उरलेली माची आता जाईल. दहा-पाच घरं, एक खळं, एक देऊळ. बाकीच्यांनी होकार दिला, पण देवळाची आणि खळ्याची जागा या बाईच्या नावावर. तिचा नकार म्हणजे सगळंच अडलं. पूर्वी नकार आला तरी सक्तीनं घेता यायचं. हल्लीचं मंत्रिमंडळ खादी नेसतं, त्याला राजीखुशी लागते."

"ती देईल राजीखुशी?"

"दररोज देईल. मी ओसरीवरून विचारणार, पाणी सोडलं का? ती आतून सांगणार, सोडलं. तोंडी जबाब, दोघा प्रतिष्ठितांच्या समक्ष. एक कारकून, एक तुम्ही."

कप टिपणिसांच्या हातात तसाच राहिला. वळण लावण्याचे काम त्यांच्याकडे का आले होते, ते त्यांना आत्ता कळत होते. "पण ती यंत्राबद्दल बोलत असेल, रावसाहेब."

"शब्दाला यंत्र चिकटलेलं नसतं, टिपणीस. तिचा बापही पाटाबद्दलच बोलत होता." रावसाहेबांनी बशीत चहा ओतला. "तुमच्या पेढीची आणखी दोन यंत्रं मी क्लबात शिफारस करून ठेवली आहेत. यंत्र दुपारपर्यंत चालू करा."

टिपणीस उठले आणि सरळ धुण्याच्या खोलीत गेले. त्यांचे कान तापले होते. "बाई, आज काही झालं तरी सोडलं म्हणू नका. मी शिकवलं ते विसरा."

"मला ठावं हाय," सावित्राबाई म्हणाली. "रावसाब पैल्या दिसापून त्यो शबूद मागत्यात, तवाच कळलं."

"मग इथे कामाला कशाला राहिलात? निघून जा आत्ता."

"मी गेले तर वाडीवर येत्याल. तितं पोरंबाळं हायेत, कोनी भिऊन बोलून जायाचं. हितं मी एकलीच हाय. न्हाई म्हनलेलं त्यांच्याच घरात ऐकू द्या त्यास्नी." तिने खराटा भिंतीला टेकवला. "तुमी तुमचं काम करा, दादा. यंत्र बरं करा. त्याचा काय दोस?"

टिपणिसांनी झडप साफ केली, जोडली, तपासली. तिच्यात काहीही दोष नव्हता.

अव्वल कारकून दुपारी आले. घाम पुसून त्यांनी आपली काळी टोपी ओसरीवरच्या तिवईवर ठेवली, दौत उघडली, टाक झटकला. रावसाहेब आरामखुर्चीत बसले. टिपणिसांना त्यांनी समोरची खुर्ची दाखवली, पण टिपणीस धुण्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथून ओसरीही दिसे आणि यंत्रही.

"सावित्रे! यंत्र चालू कर."

तिने बटण दाबले. वेटोळे गुणगुणू लागले. टक.

"पाणी सोडलं का गं?"

"न्हाई."

कारकुनांनी टाक उचलला आणि पुन्हा टेकवला.

"बटण दाबलंस ना? मग? पाणी सोडलं का?"

"न्हाई सोडलं."

"टिपणीस, बघा काय झालंय ते!"

टिपणिसांनी यंत्राला कान लावला. दट्ट्या उचललेला होता. वाट मोकळी होती. आत धार पडत नव्हती. त्यांनी झडपेची बाहेरची नळी सोडवली, म्हणजे पाणी फरशीवर तरी यायला हवे होते. झडपेचे तोंड उघडे पडले. पाणी तोंडापर्यंत आले होते आणि तिथे थांबले होते. नखभर बाहेर फुगलेले, भिंगासारखे, चकाकणारे. त्याला अडवणारे काहीच नव्हते. त्यांनी बोट पुढे केले. पाणी बर्फासारखे गार होते, आणि बोट बाहेर काढले तेव्हा त्याला चिखल होता.

खोलीत भाताच्या खाचराचा वास येत होता. ओल्या बांधाचा, कुजलेल्या पेंढ्याचा. बाहेर पौषाचे कोरडे ऊन होते.

"तोंड शिवलंय का हिचं?" रावसाहेब उठले. त्यांच्या मागोमाग कारकून आले, हातात टाक आणि कागद. "सावित्रे, तुझ्या बापानं एका दमात सांगितलं होतं. तुला एवढा शब्द उच्चारता येत नाही?"

"बानं पाटाचं सांगितलं हुतं, रावसाब. तुमी कशाचं इचारत हुता ते त्याला सांगितलं न्हाई. मला ठावं हाय तुमी कशाचं इचारताय. म्हनून न्हाई म्हनते. ल्हिवून घ्या, काका. सावित्राबाई न्हाई म्हनली."

कारकुनांनी रावसाहेबांकडे पाहिले. टाक हलला नाही.

रावसाहेबांचा चेहरा लाल झाला. आयुष्यभर इतरांच्या तोंडून शब्द काढून घेतलेल्या माणसाला, शब्द न मिळणे ही गोष्ट परिचयाची नव्हती. त्यांनी तिला बाजूला सारले, बटण बंद केले, पुन्हा दाबले, आणि ते ओरडले.

"सोडलं! म्हण, सोडलं! काय जड आहे त्यात? हे बघ, मी म्हणतो! मी पाणी सोडलं!"

वेटोळ्याचे गुणगुणणे थांबले.

कारकून सवयीचे गुलाम होते. कागदावर टाक टेकवून त्यांनी, मान वर न करता, आयुष्यभर विचारीत आलेला प्रश्न विचारला.

"कशावर, रावसाहेब?"

उत्तर सावित्राबाईने दिले.

"ह्या घरावर."

पाणी सुटले.

धार उडाली नाही, आवाज झाला नाही. भिंग फुटले आणि पाणी झडपेच्या ओठावरून खाली उतरले. फरशीवर पसरले. गढूळ, संथ. त्यात भाताची लोंबी होती. पौषात, हिरवी.

टिपणिसांनी बटण बंद केले. पाणी येत राहिले.

त्यांनी धावत जाऊन फ्यूज काढला. स्वयंपाकघरातला दिवा विझला. पाणी येत राहिले.

परसात जाऊन त्यांनी टाकीचा कॉक पिळून बंद केला. परत आले. पाणी रावसाहेबांच्या वहाणांना लागले होते.

रावसाहेब हलत नव्हते. ते झडपेकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ काहीतरी शोधत होते. कोणता शब्द उच्चारला म्हणजे हे मागे जाते? त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत तसा शब्द कधी लागलाच नव्हता.

मग झडपेतून आवाज आला.

थप.

पाणी थांबले. फरशीवरचे पाणी मोरीकडे गेले नाही, मोरी उताराला असूनही. ते जिथे होते तिथेच, रावसाहेबांच्या पावलांभोवती, राहिले.

कारकून निघून गेले. त्यांनी काही लिहिले नाही आणि टोपीसाठी ते परतले नाहीत. सावित्राबाईने पदराची गाठ चाचपली, चुलीवर ठेवलेले दूध उतरवून झाकले, आणि ती मागच्या दाराने माचीच्या वाटेला लागली. टिपणिसांनी हत्यारे पिशवीत भरली. झडप त्यांनी काढून घेतली नाही.

पेढीला त्यांनी कळवले की यंत्रात दोष नाही. ते खरे होते.

पुढच्या वर्षी, मार्गशीर्षात, कुरवंड्याच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यात पाण्याचा बंब बसवायला त्यांना पुन्हा लोणावळ्याला यावे लागले. काम आटोपल्यावर त्यांनी टांगा तुंगार्लीकडे वळवायला सांगितला. धरणाची भिंत होती तेवढीच होती. वरच्या माचीवर देवळाचा कळस दिसत होता, आणि खळ्यावर मळणी चालली होती. बैल फिरत होते. वाटेत पेंढ्याचा भारा घेऊन सावित्राबाई भेटली. तिने भारा दगडावर टेकवला.

"बरं हाय ना, दादा?"

"बरं आहे. भिंत वाढवली नाही वाटतं?"

"कोन वाढिवनार? कागुद रावसाबांकडनं जायाचा हुता. त्यो गेला न्हाई."

"रावसाहेब कुठे असतात हल्ली?"

"घरातच हायेत," सावित्राबाई म्हणाली. "भाईर येत न्हाईत." तिने भारा पुन्हा डोक्यावर घेतला. "आत जाऊ नगा. रस्त्यावरनं बगा आन जावा."

टांगा बंगल्यासमोर थांबला. घोडा पुढे जाईना. बंगल्याची दारे बंद होती, पण दिवाणखान्याच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, गज नसलेल्या, रुंद, आणि त्यांच्या चौकटींत काहीतरी भिंगासारखे, नखभर बाहेर फुगून, चकाकत होते. खाली अंगण कोरडे ठणठणीत होते. फाटकाजवळच्या जांभळीचे पानही हलत नव्हते.

आतले पडदे हलत होते. एक पडदा हळूहळू वर उचलला जात होता, अगदी सावकाश, आणि वर गेल्यावर तो खाली आला नाही. खिडकीकडे पाठ करून रावसाहेबांची आरामखुर्ची होती. तिच्यावरून उपरण्याचे टोक सरळ वर उभे राहिले होते.

"वारा सुटलाय जनू आत," टांगेवाला म्हणाला.

टिपणीस वर बघत होते. दिवाणखान्याच्या छताला लागून एक काळी टोपी होती, आणि ती स्वतःभोवती संथपणे फिरत होती.